रिमोटची साक्ष

इंग्रजीतून आलेल्या वस्तूंना मराठीने कितीही घरंदाज नावे दिली, तरी काही वस्तू ती नावे अंगाला लावून घेत नाहीत. ‘दूरनियंत्रक’ हा शब्द आम्ही छापील मजकुरात वाचला आहे. परंतु ‘अगं, दूरनियंत्रक कुठे ठेवलास?’ असे एखाद्या घरात कोणी कोणाला विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. रिमोट तो रिमोटच. घरातील सर्वात अधिक हरवणारी, सर्वात अधिक आपटली जाणारी आणि सर्वात अधिक शिव्या खाणारी वस्तू हीच असावी. वाचकहो, आपल्याही घरी त्याचे मागचे झाकण केव्हाच गहाळ झाले असेल आणि सेल बाहेर पडू नयेत म्हणून त्याला रबरबँड चढवलेला असेल. विकत घेताना त्यावर असलेले प्लास्टिकचे वेष्टन तो निकामी होईपर्यंत आपणही काढले नसेल. चालेनासा झाला की आपण त्याला तळहातावर आपटतो, सेल जागच्या जागी अंगठ्याने गोल फिरवतो, उन्हात वाळत घालतो. सेल दाताने चावणारे एक वडीलधारे गृहस्थही आम्हास ठाऊक आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यामुळे सेल आणखी आठवडाभर चालतो.

या सर्व उपचारांत आम्ही कोणाच्या मागे नाही. आमची हयात बँकेत खतावण्या जुळवण्यात गेली. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध फ्यूजची तार बदलण्यापुरताच. तरीदेखील तिन्ही भावंडांत थोरले असल्यामुळे घरातील प्रत्येक बिघडलेली वस्तू प्रथम आमच्यापुढे येते आणि तिच्याविषयी निकाल देण्याचा अधिकार आपोआप आमच्याकडे येतो. अशाच एका निकालाची ही हकीकत आहे.

आमचे मूळ घर वसईच्या पश्चिम पट्ट्यात. पुढे ओटी, मागे विहीर आणि दोन्ही अंगांना केळी. पपांनी १९७९ साली या घरात कृष्णधवल दूरदर्शन संच आणला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते, पण आमच्या वाडीत संच असलेली घरे तेव्हाही बोटांवर मोजण्यासारखी होती. लाकडी पेटी, तिला सरकती दारे, दारांना कुलूप. त्या संचाला रिमोट नव्हता. रिमोटचे काम आमच्या नऊ वर्षांच्या धाकट्या भावाकडे होते. ‘आवाज वाढव’, ‘आवाज कमी कर’ या पपांच्या आज्ञा तो उठून पाळी. आम्ही स्वतः कौलांवर चढून अँटेना फिरवत असू आणि खालून बहीण ओरडे, ‘आलं, आलं... गेलं!’ संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आई उठून दारे ओढून घेई आणि जपमाळ काढी. त्यापुढे कोणाचेही काही चालत नसे.

तसे आईला त्या पेटीचे वेड नव्हते. ते लागले २५ जून १९८३ च्या रात्री. लॉर्ड्‌सवर भारताने १८३ धावा केल्या, वेस्ट इंडिज १४० धावांत आटोपला, आणि तोवर क्रिकेटला ‘पोरांचा वेळखाऊ उद्योग’ म्हणणारी आमची आई त्या रात्रीपासून जी त्या खेळाची झाली ती आजतागायत. दुखण्यातून उठल्यावरही तिचा पहिला प्रश्न स्कोअरचा असतो. पपा २०१४ साली गेले. त्यानंतर आम्ही तिला आमच्या स्टेशनजवळच्या फ्लॅटवर येण्याविषयी पुष्कळ विनवले. परंतु विहीर आणि केळी सोडून ती यायला तयार झाली नाही. सकाळी कामाला एक बाई येते. उरलेला दिवस ती आणि टीव्ही.

एव्हाना त्या लाकडी पेटीच्या जागी आम्ही घेतलेला बत्तीस इंची सपाट संच आला होता आणि त्याच्या खाली सेट-टॉप बॉक्स. २०१२ च्या अखेरीस मुंबईत हा डबा सक्तीचा झाला. पुढे तो आमच्याकडेही आला. डब्याबरोबर दुसरा रिमोट आला आणि घरोघरी वृद्धांच्या हालाला प्रारंभ झाला. एक रिमोट संचाचा, दुसरा डब्याचा. आवाज कोणत्याने, वाहिनी कोणत्याने? संचाच्या रिमोटवरील ‘सोर्स’ नावाच्या बटणाला चुकून बोट लागले की पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे तरंगू लागतात, आणि पुढचा अर्धा तास फोनवरून आरडाओरडा. आम्ही यावर साधा उपाय योजला. डब्याच्या रिमोटला संचाची चालू-बंद आणि आवाज ही बटणे शिकवण्याची सोय असते. दोन्ही रिमोट तोंडाशी तोंड लावून ठेवायचे आणि पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बटणे दाबायची, की एकाचा संदेश दुसरा पाठ करून घेतो. मग संचाचा रिमोट आम्ही कपाटात ठेवून दिला. आई एकाच रिमोटवर कारभार चालवू लागली आणि कित्येक वर्षे काही तक्रार नव्हती.

तक्रार आली जून २०२३ मध्ये, पाऊस लागल्यावर आठवड्याभरात. ‘अरे, तुझा टीव्ही आपोआप बदलतो.’ संच आम्ही घेतला म्हणून तो चालत असताना ‘आपला’ आणि बिघडला की ‘तुझा’. आम्ही रविवारी दुपारी गेलो. पाहतो तो सेट-टॉप बॉक्सवर तिने क्रोशाचा रुमाल घातलेला, आणि त्याची झालर नेमकी डब्याच्या दर्शनी काळ्या खिडकीवर आलेली. आम्हाला हर्ष झाला. रुमाल बाजूला करून आम्ही तिला रिमोटचे शास्त्र समजावून दिले. रिमोटच्या टोकाशी तुरीच्या दाण्याएवढा एक दिवा असतो. त्याचा प्रकाश तांबड्याच्याही पलीकडला, म्हणजे अवरक्त, म्हणून आपल्या डोळ्यांना दिसत नाही. आपण बटण दाबले की तो दिवा सेकंदाला सुमारे अडतीस हजार वेळा लुकलुकतो, आणि या लुकलुकीचे तुकडे पाडून, मध्ये लहान-मोठी विश्रांती घेऊन तो त्या बटणाचा आकडा सांगतो. डब्याच्या काळ्या खिडकीमागील डोळा तेवढ्याच गतीचा प्रकाश ऐकतो, म्हणून सूर्याचा किंवा ट्यूबलाइटचा प्रकाश त्याला फसवत नाही. हा प्रकाश भिंतीवरून परततोही. आम्ही संचाकडे पाठ करून समोरच्या भिंतीवर रिमोट रोखला आणि वाहिनी बदलून दाखवली. आई कौतुकाने पाहत होती. सर्व ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, ‘पण मी बदलत नसताना बदलतो, ते?’

आम्ही म्हणालो, ‘आई, वस्तू आपोआप काही करत नसते.’

हे वाक्य आम्ही त्या पावसाळ्यात किती वेळा उच्चारले याची गणती नाही. रिमोटचा इतिहास तेव्हा ठाऊक असता तर ते आमच्या जिभेवर आले नसते, कारण ही वस्तू जन्मापासूनच आपोआप काहीबाही करत आली आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली दूरदर्शन संचासाठी पहिला रिमोट काढला तो तारेचा होता. खोलीभर पसरलेल्या तारेत माणसे पाय अडकून पडत. मग १९५५ साली त्याच कंपनीतील युजीन पॉली यांनी बिनतारी रिमोट केला. दिसायला पिस्तुलासारखी बॅटरी. तिचा झोत पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशपेशींवर टाकायचा. पण खिडकीतून ऊन आत आले आणि त्या पेशींवर पडले की वाहिनी कोणी न बदलता बदले. पुढच्याच वर्षी मूळचे व्हिएन्नाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲडलर यांनी ध्वनीवर चालणारा रिमोट केला. त्यात सेलदेखील नव्हते. बटण दाबले की आतला चिमुकला हातोडा ॲल्युमिनियमच्या कांडीवर आदळे आणि माणसाला ऐकू न येणारा नाद निघे. ही युक्ती पंचवीस वर्षे टिकली. मात्र किल्ल्यांचा जुडगा किंवा नाणी खुळखुळली तरी संच कधी कधी हुकूम मिळाल्यासारखा वागे. त्या काळातील अमेरिकन आजीबाईंनी ‘टीव्ही आपोआप बदलतो’ म्हणून सांगितले असेल तेव्हा त्यांच्या मुलांनी काय उत्तर दिले असेल, याची कल्पना आम्हास आता करता येते.

असो. जुलैत पुन्हा फोन. या वेळी रिमोट मुळीच चालत नव्हता. आम्ही सेल काढून मीटर लावला. दीड व्होल्टचा सेल एक व्होल्टच्याही खाली गेलेला, आणि दुसऱ्याच्या टोकाशी पांढरी भुकटी जमलेली. नवे सेल घालण्यापूर्वी आम्ही स्वयंपाकघरातून विंदालूसाठी ठेवलेली शिरक्याची बाटली आणली. अल्कलाइन सेलमधून पाझरणारा द्रव क्षारधर्मी असतो. कापसाच्या काडीवर थोडासा शिरका घेऊन पत्र्याची स्प्रिंग पुसली की भुकटी फसफसून सुटते. (हात मात्र लगेच धुवावेत, आणि एक जुना व एक नवा सेल एकत्र घालण्याची काटकसर करू नये; जुना सेल लवकर संपतो आणि मग गळू लागतो.) शेवटी मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून आम्ही एकेक बटण दाबून पाहिले. डोळ्याला न दिसणारा तो प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो. काही मोबाइलांच्या मागच्या कॅमेऱ्यावर तो अडवणारी चाळणी असते, तेव्हा पुढचा वापरावा. प्रत्येक बटणाबरोबर पडद्यावर जांभळट ठिपका उमटला. रिमोट निर्दोष असल्याचे आम्ही जाहीर केले.

बटण दाबल्यावर दिवा लागतो की नाही हे आम्ही पाहिले. न दाबता लागत नाही ना, हे पाहिले नाही.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटली, आणि तिची लाज आम्हास अधिक वाटते. त्या पावसाळ्यात आम्ही सेल तीन वेळा बदलले. एरवी जे सेल वर्षभर सहज पुरत ते तीन आठवड्यांत संपत होते. चार आण्यांचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत बँकेत बसून तो शोधणारे आम्ही. पण एवढी वीज कोणाच्या खात्यावर खर्च पडते आहे, असा प्रश्न आमच्या मनाला शिवला नाही. ‘आई उगाच बटणे दाबत बसत असेल,’ अशी नोंद आम्ही मनातल्या मनात करून टाकली होती. आणि ज्या ज्या वेळी आम्ही जाऊन पाहत असू त्या त्या वेळी, म्हणजे भर दुपारी, उघडीप असताना, रिमोट अगदी शहाण्यासारखा वागे.

त्या नोंदीवरून पुढे काय घडत गेले ते सांगणे सुखाचे नाही. आमचा धाकटा भाऊ मस्कतला असतो आणि बहीण दिलेली पापडीकडे. तिघांचा मोबाइलवर एक गट आहे. प्रथम आम्ही तेथे थट्टेने लिहिले की आईच्या टीव्हीत भूत शिरले आहे. धाकट्याने हसरी चित्रे पाठवली. पंधरा दिवसांनी बहिणीने लिहिले, ‘दादा, तिने मला तीच गोष्ट एका दिवसात तीनदा सांगितली.’ आता ज्या माणसाचे ऐकले जात नाही ते माणूस तीच गोष्ट तीनदा सांगणार, यात नवल ते काय? पण आमच्या सौभाग्यवतींनी ‘आईंचं खरं असेल तर?’ असे विचारले तेव्हा आम्ही त्यांना उत्तरही दिले नाही. ऑगस्टमध्ये ‘विसरभोळेपणा’ हा शब्द गटावर आला. मग त्याचे इंग्रजी नाव आले. मग मेंदूच्या डॉक्टरांची चौकशी झाली, आणि तिने एकटीने राहणे कितपत सुरक्षित, तिघांकडे चार-चार महिने पाळी लावावी काय, घराचे पुढे काय करावे, इथवर बोलणे गेले. हे सर्व तिच्या पाठीमागे, तिच्या हिताच्या नावाने.

१७ सप्टेंबरला कोलंबोत आशिया चषकाचा अंतिम सामना होता. सिराजने एकाच षटकात चार गडी बाद केले आणि श्रीलंकेचा संघ अवघ्या ५० धावांत संपला. आम्ही फ्लॅटवर पाहत होतो. सामना संपल्यावर आईचा फोन आला. तिचा आवाज वेगळा होता. ‘सिराजनं एका षटकात चार काढले म्हणतात. मला दिसलेच नाहीत. मध्येच दुसरं काहीतरी लागलं. परत आणलं, परत गेलं.’ आम्ही नेहमीचे वाक्य म्हणणार इतक्यात तीच म्हणाली, ‘माझंच काहीतरी चुकत असेल.’

त्यानंतरच्या भेटीत संचावर चादर घातलेली दिसली. विचारले तर म्हणाली, ‘डोळे दुखतात.’ आम्ही डॉक्टरांकडे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातला नंबर लावला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही तिच्याकडे गेलो असता पावसाने असे धरले की परत निघणे शक्य झाले नाही. जपमाळ झाली, जेवण झाले, आई खोलीत जाऊन निजली. बातम्या पाहाव्यात म्हणून आम्ही संचावरची चादर काढली, वाहिनी लावली, रिमोट टेबलावर ठेवला आणि आरामखुर्चीत पाय लांब केले. दारे-खिडक्या बंद होत्या. भिंतींना ओल सुटली होती. साडेनऊच्या सुमारास बातम्या गेल्या आणि पाककृती आली. पाककृती गेली, भजन आले. भजन गेले, साबणाची जाहिरात आली. मग सर्व स्थिर. दोन मिनिटांनी पुन्हा तेच.

आमचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. रिमोट आमच्यापासून चार हात दूर होता.

आम्ही मोबाइलचा कॅमेरा उघडला आणि टेबलाशी ओणवे झालो. कोणीही हात न लावलेल्या त्या रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकत होता. थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता. आम्ही किती वेळ तसे ओणवे राहिलो ते सांगता येत नाही. आतल्या खोलीत आईच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला तेव्हा भानावर आलो.

रिमोट उघडणे अवघड नसते. सेलच्या खणात एखादा स्क्रू असतो. तो काढून कडेच्या फटीत जुने एटीएम कार्ड घालायचे आणि हलके हलके सभोवार फिरवायचे. खिट्ट्या सुटत जातात आणि कवचाचे दोन भाग होतात. आत एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर रबराची चटई. बटणे म्हणजे या चटईचेच वर आलेले फुगवटे. प्रत्येक फुगवट्याच्या पोटाला कार्बनचा काळा टिळा असतो. बटण दाबले की तो टिळा पट्टीवरच्या दोन तुटक रेषांना जोडतो आणि रिमोट समजतो की हुकूम झाला. आम्ही चटई उचलली. वाहिनी पुढे नेणाऱ्या बटणाच्या खाली, दोन्ही रेषांवर पसरलेला, रुपयाएवढा एक तपकिरी डाग होता. बोट लावून पाहिले. चिकट. नाकाशी नेले आणि सर्व आठवले.

२०२२ च्या नाताळची संध्याकाळ. घर पाहुण्यांनी भरलेले. आम्ही टेबलावरचा करंज्यांचा ताट ओढताना आमच्याच कोपराने आमचाच चहा रिमोटवर सांडला. आजूबाजूस पाहिले, कोणाचे लक्ष नव्हते. रिमोट झटकला, बाहीने पुसला, पालथा करून ठेवला आणि दुसरा चहा मागितला. रिमोट चालत होता. मग सांगायचे काय? साखरेचा तो चहा आत वाळला. जानेवारी ते मे तो कोरडा राहिला आणि गप्प बसला. पावसाळ्यात जसे बरणीतले मीठ पाणावते तसा तोही संध्याकाळच्या दमट हवेत ओलावू लागला, आणि कोणी न दाबलेले बटण दाबल्यासारखे होऊ लागले, असा आमचा कयास आहे. दुपारच्या उघडिपीत तो पुन्हा सुके, आणि नेमके तेव्हाच आम्ही तपासणीला येत असू.

चटई आम्ही कोमट साबणपाण्यात धुतली. पट्टी धुवायची नसते. आईच्या इन्सुलिनच्या सुयांसाठी असलेले स्पिरिट कापसाच्या काडीवर घेऊन डाग पुसला, काळ्या रेषा खरवडल्या जाणार नाहीत अशा बेताने. तीन काड्या तपकिरी झाल्या. चौथी पांढरी निघाली. मग दोन्ही वस्तू वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवल्या आणि तेथेच खुर्चीत पडून राहिलो. झोप लागली नाही.

पहाटे आई उठून आली. वर्तमानपत्रावर उघडा पडलेला रिमोट तिने पाहिला.

‘आई,’ आम्ही म्हणालो, ‘टीव्ही खरंच आपोआप बदलत होता.’

‘मी तेच सांगत होते,’ ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. आम्ही कॅमेऱ्याची हकीकत सांगितली, डागाची सांगितली. चहापाशी येऊन शब्द अडखळले.

‘नाताळचा ना?’ ती म्हणाली. ‘तुझ्या कपातला. निळ्या काठाचा टेबलक्लॉथ होता. दोन वेळा धुतला तरी डाग गेला नाही, म्हणून तो आता ओटा पुसायला काढलाय.’

नऊ महिने झाले होते.

‘मग तेव्हाच का बोलली नाहीस?’

‘चहा सांडला त्यात बोलायचं काय? सण होता, माणसं आली होती.’ ती स्वयंपाकघराकडे वळली आणि दारात थांबली. ‘मला मात्र वाटायला लागलं होतं, की माझंच डोकं गेलं. रात्री झोपताना दिवसभराचं सगळं आठवून बघायचे. कोण आलं, काय जेवले. चुकतंय का ते बघायला.’

आम्हाला काही बोलता आले नाही. थोड्या वेळाने आम्ही म्हणालो की डॉक्टरांचा नंबर रद्द करतो. ती म्हणाली, ‘राहू दे. जाऊन येऊ. तुम्हा तिघांची खात्री होऊ दे.’ म्हणजे गटावर काय चालले होते तेही तिला ठाऊक होते.

गटावर खरे लिहायला आम्हाला दोन दिवस लागले. रिमोट दुरुस्त झाला हे पहिल्याच दिवशी लिहिले. चहा कोणाचा हे तिसऱ्या दिवशी. धाकट्याचा फोन आला, पण तो आम्हाला नव्हता, आईला होता. बहीण दुसऱ्या दिवशी केळफुलाची भाजी घेऊन तिच्याकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत बसली. ठरल्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईला तारीख विचारली, घड्याळ काढायला सांगितले, तीन शब्द लक्षात ठेवायला दिले आणि काही वेळाने परत विचारले. तिने तिन्ही सांगितले. रिक्षातून परत येताना तिने आम्हाला तिसरा शब्द विचारला. आम्हाला आठवला नाही.

१५ नोव्हेंबरला वानखेडेवर विश्वचषकाचा उपान्त्य सामना झाला. कोहलीने एकदिवसीय सामन्यांतले आपले पन्नासावे शतक केले आणि शमीने न्यूझीलंडचे सात गडी बाद केले. सामना रात्री संपल्यावर आईचा फोन आला. ‘सातही बघितले,’ ती म्हणाली, आणि सातांपैकी विल्यम्सनचा झेल उडाला तेव्हा आपण खुर्चीतून कशा उठलो ते तिने सविस्तर सांगितले. मग तिने रिमोटचे सेल आम्ही केव्हा बदलले होते ते विचारले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, असे आम्ही सांगितले.

‘तेच अजून चालतायत,’ ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.